दुसऱ्या मॉडेलचा स्विंगआर्म आणि मागचे चाक: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या जुन्या मोटारसायकलला मुळात पोलादी स्विंगआर्म (मागचे चाक धरून ते फ्रेमला खालीवर हलेल असे जोडणारा भाग), १८ इंची तारांचे चाक आणि ड्रम ब्रेक होता. त्या जागी बऱ्याच नंतरच्या एका मॉडेलचा ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म, १७ इंची अलॉय चाक आणि डिस्क ब्रेक असा मागचा संपूर्ण संच बसवला. उन्हाळा, पावसाळा आणि थंडी अशा तिन्ही ऋतूंत गाडी चालवून झाल्यावर हे लिहीत आहे. बदल करण्याजोगा आहे, हे माझे मत आता पक्के झाले आहे. मात्र ज्या कारणासाठी बहुतेक जण तो करतात, म्हणजे मागे रुंद टायर दिसावा म्हणून, ते कारण मला सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते. खरा फायदा स्विंगआर्मच्या ताठपणाचा, भरवशाच्या ब्रेकचा आणि १७ इंची मापात चांगले टायर मिळण्याचा आहे. हे तिन्ही फायदे पदरात पडायचे तर दोन्ही चाके एका सुतात आली पाहिजेत, आणि या कामातला बहुतेक वेळ त्यातच जातो.

स्विंगआर्म निवडताना आधी पाहायचे ते पिव्हट, म्हणजे ज्या बोल्टवर तो फ्रेममध्ये खालीवर होतो ती जागा. माझ्या फ्रेमचा बोल्ट १४ मिलिमीटरचा, तर नव्या स्विंगआर्मच्या स्लीव्हचा (बोल्ट ज्यातून जातो त्या आतल्या नळीचा) आतला व्यास २० मिलिमीटर. बोल्ट मोठा करण्यासाठी फ्रेमचे भोक वाढवणे मला मान्य नव्हते, म्हणून स्लीव्हच्या आत अजिबात खेळ न ठेवता घट्ट बसेल असे ३ मिलिमीटर जाडीचे पोलादी बुश लेथवर करून घेतले. रुंदीतही ८ मिलिमीटरचा फरक होता; तो दोन्ही बाजूंच्या स्पेसरनी (अंतर भरणाऱ्या कड्यांनी) भरून काढला. येथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आतली स्लीव्ह बाहेरच्या नळीपेक्षा किंचित, एक-दोन दशांश मिलिमीटर, लांब असली पाहिजे. तरच बोल्ट पूर्ण आवळल्यावर फ्रेम फक्त स्लीव्हला दाबून धरते आणि स्विंगआर्म मोकळा हलतो. ही लांबी कमी पडली तर नट आवळला की स्विंगआर्म जखडतो, आणि मग कोणी तो मोकळा करण्यासाठी नट ढिला ठेवतो, जे सरळसरळ धोक्याचे आहे. शॉकॲब्सॉर्बर जोडण्यापूर्वी, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळून, स्विंगआर्म हाताने वर उचलून सोडावा. तो स्वतःच्या वजनाने सावकाश आणि न अडखळता खाली आला पाहिजे.

हाच स्विंगआर्म निवडण्याचे मुख्य कारण असे, की त्याच्या खालच्या बाजूचा लिंकेजचा (स्विंगआर्म आणि शॉकॲब्सॉर्बर यांना जोडणाऱ्या दांड्यांचा) कान पिव्हटपासून जवळजवळ मूळच्याच अंतरावर होता. त्यामुळे वेल्डिंग कुठेही करावे लागले नाही. उष्णताप्रक्रिया केलेल्या ॲल्युमिनियमवर वेल्डिंग केले की जोडाच्या आसपासचा धातू आपली बरीच ताकद गमावतो, आणि ती पुन्हा मिळवायची तर पूर्ण भागावर तीच प्रक्रिया परत करावी लागते. कान कापून दुसरीकडे जोडलेला ॲल्युमिनियमचा स्विंगआर्म कितीही सुबक दिसला तरी मी तो गाडीला लावणार नाही.

नवा स्विंगआर्म २५ मिलिमीटर लांब आहे. जुना पिव्हटपासून ॲक्सलपर्यंत ५०० भरत होता, हा ५२५ भरतो. फरक ऐकायला लहान वाटतो, पण शॉकॲब्सॉर्बर आणि लिंकेज जागच्या जागी असताना तरफ ५ टक्क्यांनी लांबली, की चाकाशी जाणवणारा स्प्रिंगचा ताठपणा त्या प्रमाणाच्या वर्गाने घटतो, म्हणजे सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. पहिल्या काही आठवड्यांत गाडीचा मागचा भाग मऊ वाटत होता तो यामुळेच. प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) वाढवून बसकी उंची सुधारते, पण स्प्रिंग त्याने ताठ होत नाही. एकट्याने चालवताना मी बसल्यावर मागचा भाग चाकाच्या खालीवर हलण्याच्या एकूण अंतराच्या एक तृतीयांश खाली जातो, ते माप साधले आहे, आणि तेवढ्यावर माझे समाधान आहे.

लांब स्विंगआर्ममुळे चाकांमधले अंतर वाढले आणि सरळ रस्त्यावर गाडी आधीपेक्षा निश्चिंत चालते. वळणात मात्र ती पूर्वीइतक्या चटकन झुकत नाही. त्यात चाकाचा व्यास कमी झाल्याची भर पडली. जुना १२०/८०-१८ टायर (रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिमचा व्यास इंचांत) सुमारे ६४९ मिलिमीटर व्यासाचा. नव्या चाकासोबत आलेला १५०/६०-१७ सुमारे ६१२ मिलिमीटरचा. म्हणजे ॲक्सल जमिनीकडे जवळजवळ १९ मिलिमीटर सरकला. चाकांमध्ये १४०० मिलिमीटर अंतर असलेल्या गाडीत मागची उंची २५ मिलिमीटर बदलली तर पुढच्या फोर्कचा कोन सुमारे एका अंशाने बदलतो. त्या हिशेबाने १९ मिलिमीटरचा परिणाम पाऊण अंशाचा होतो, आणि तो हँडलवर स्पष्ट कळतो. गाडी वळणात शिरायला आळस करू लागली होती.

त्या चाकावरचा टायर झिजत आल्यावर मी १५० ऐवजी १४०/७०-१७ घेतला. ४ इंची रिमवर दोन्ही मापे चालतात. १४०/७० चा व्यास सुमारे ६२८ मिलिमीटर असल्याने मागचा भाग ८ मिलिमीटर वर आला आणि गाडीचा वळणातला स्वभाव बराचसा परतला. रुंद टायरने पकड वाढते हा समज कोरड्या, गुळगुळीत रस्त्यापुरताही अर्धाच खरा आहे; तेवढ्याच वेगाने तेच वळण घेताना रुंद टायरच्या गाडीला थोडे अधिक झुकावे लागते, आणि रुंद टायर सहसा जड असल्याने खड्ड्यांवरून जाताना सस्पेन्शनला अधिक वजन सावरावे लागते. माझ्या वापरात १४० हा निःसंशय सरस ठरला.

अरुंद टायर निवडण्याचे दुसरे कारण चेन. १५० चा टायर असताना त्याची कड आणि चेन यांच्यात जेमतेम ३ मिलिमीटर अंतर होते. उभ्या गाडीत तेवढे चालते असे वाटते, पण वेगात टायर किंचित फुगतो आणि चेन बाजूला लहरते. तिला तेवढ्या फटीत सुखाने चालता येणार नाही. १४० मुळे एका बाजूला सुमारे ५ मिलिमीटरची जागा वाढली. जुनी चेन ५३० मापाची होती, नव्या चाकाचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) ५२० मापाचे. दोन्हींच्या कड्यांमधले अंतर सारखेच, १५.८७५ मिलिमीटर, परंतु रुंदी वेगळी. म्हणून चेन आणि पुढचे-मागचे स्प्रॉकेट तिन्ही एकाच मापाची घेणे भागच आहे. मागचे स्प्रॉकेट पुढच्याच्या रेषेपेक्षा ४ मिलिमीटर बाहेर होते. मागच्या हबचा धातू खरवडण्याऐवजी ४ मिलिमीटर ऑफसेट असलेले, म्हणजे दात तेवढे बाहेर सरकवलेले, पुढचे स्प्रॉकेट बसवले. नट पूर्ण आट्यांवर बसतो हे पाहूनच हा मार्ग घेतला. याहून जास्त ऑफसेट मी गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर लादला नसता.

दातांचा हिशेबही सुटसुटीत जमला. पूर्वी १५ आणि ४५ दात होते. नव्या चाकासोबत ४३ दातांचे स्प्रॉकेट आले. टायरचा व्यास सुमारे ३ टक्क्यांनी घटला आणि स्प्रॉकेटचे दात साडेचार टक्क्यांनी कमी झाले, त्यामुळे एकूण गिअरिंग मूळच्यापेक्षा जेमतेम एक टक्का लांब आहे, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याच फेऱ्यांत गाडी तेवढी अधिक अंतर जाते. माझ्या गाडीच्या वेगमापकाची तार पुढच्या चाकावरून येते, म्हणून त्याच्या आकड्यांत काही फरक पडला नाही. ज्या गाडीत वेग गिअरबॉक्सजवळच्या सेन्सरवरून मोजला जातो, तिथे हा हिशेब आधी करून ठेवावा.

आता चाके सुतात आणण्याविषयी. स्विंगआर्मवरच्या चेन ताणण्याच्या खुणांवर विसंबून चालत नाही, कारण त्या खुणा फार तर चाक स्विंगआर्मला समांतर आहे एवढे सांगतात. ते फ्रेमच्या मध्यावर आहे की नाही हे सांगत नाहीत. मी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी दोरी ताणून ती पुढच्या चाकाच्या पुढे नेली, हँडल सरळ केले आणि पुढच्या टायरपासून दोन्ही दोऱ्यांचे अंतर पोलादी पट्टीने मोजले. मागचा टायर १४० चा आणि पुढचा १०० चा, म्हणजे दोन्हीकडे २० मिलिमीटर भरायला हवे. पहिल्या मोजणीत एका बाजूला १७ आणि दुसऱ्या बाजूला २३ आले. दोऱ्या टायरला पुढे-मागे दोन्ही ठिकाणी नीट टेकत होत्या, म्हणजे चाक तिरके नव्हते, सरळ राहूनच ३ मिलिमीटर सरकलेले होते. हे अंतर ॲक्सलच्या स्पेसरमध्ये न काढता पिव्हटच्या स्पेसरमध्ये काढले: ४ आणि ४ ऐवजी ७ आणि १. त्यामुळे चाक, स्प्रॉकेट आणि कॅलिपर (डिस्क पकडणारा ब्रेकचा भाग) यांचे परस्परांशी असलेले नाते जसेच्या तसे राहून सगळा संच एकत्र सरकला. लिंकेजचे स्पेसर त्याच मापाने बदलले, नाहीतर लिंकेजच्या बेअरिंगवर बाजूचा भार आला असता. पुढच्या स्प्रॉकेटचा ४ मिलिमीटरचा ऑफसेट या सरकवण्यानंतरच ठरवला.

इतक्या महिन्यांनंतर याचा पुरावा स्प्रॉकेटवर दिसतो. चेन काढून मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवरून बोट फिरवले, तर दोन्ही बाजूंची झीज सारखीच लागते. रेषा चुकलेली असती तर दातांची एक बाजू आरशासारखी चमकली असती. चेनची ढील तपासताना एक पथ्य पाळतो: पुढचे स्प्रॉकेट, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताणलेली असते, म्हणून ढील त्या स्थितीत पाहतो. गाडी उभी असतानाची ढील त्यावरून नव्याने ठरवली आहे. जुन्या स्विंगआर्मसाठी पुस्तिकेत दिलेला आकडा आता लागू नाही.

ब्रेकच्या बाबतीत कॅलिपर, त्याचा ब्रॅकेट, ॲक्सल आणि सगळे स्पेसर त्याच गाडीचे घेतले. चाकाच्या आत दोन बेअरिंगच्या मधे जी नळी असते ती जागेवर आहे की नाही, हे चाक विकत घेतानाच पाहावे. ती नसेल तर ॲक्सल आवळताच बेअरिंगवर आडवा दाब येतो आणि ती लवकर जातात. मास्टर सिलिंडरही (पेडलच्या दाबाने ब्रेकचे तेल ढकलणारा भाग) त्याच कॅलिपरच्या जोडीचा हवा, कारण पिस्टनची मापे जुळली नाहीत तर पेडल एकतर दगडासारखे कडक होते किंवा खोल जाते. मूळच्या ड्रमच्या तुलनेत हा ब्रेक हलक्या पायाने आणि मोजूनमापून लागतो, आणि पावसात तर हा फरक फार मोलाचा वाटला.

विमा आणि नोंदणी यांच्या नियमांत असा बदल बसतो का, हे काम सुरू करण्याआधी विचारून घ्यावे. साइड स्टँडवर गाडी आता जरा जास्त उभी राहते, म्हणून स्टँड थोडा आखूड करावा लागेल. मधला स्टँड नव्या स्विंगआर्मला लागत असल्याने काढून टाकला आहे, आणि चाक काढायला वेगळा स्टँड लागतो, ही रोजच्या वापरातली खरी गैरसोय आहे. मागचा चिखल शॉकॲब्सॉर्बरवर पूर्वीपेक्षा जास्त उडतो. त्यासाठी टायरजवळ छोटा मडगार्ड लावल्यापासून लिंकेजमधले ग्रीस स्वच्छ राहते.

एक काम मात्र बाकी आहे. मागे कोणी बसले की मऊ झालेली स्प्रिंग मोठ्या खड्ड्यात शेवटपर्यंत दबते आणि रबराचा ठोका ऐकू येतो. त्यासाठी सुमारे १० टक्के ताठ स्प्रिंग घेणार आहे, म्हणजे लांबलेल्या तरफेमुळे कमी झालेला ताठपणा भरून निघेल. ज्यांच्या गाडीवर नेहमी दोघे बसतात त्यांनी हा खर्च सुरुवातीलाच हिशेबात धरावा आणि स्विंगआर्म फ्रेमला जोडण्यापूर्वीच स्प्रिंग बदलून घ्यावी, कारण नंतर तेवढ्यासाठी अर्धे लिंकेज पुन्हा उघडावे लागते.