टाक्या भरून आलेला 'नवा कोरा' प्रिंटर आणि माझे २३,९४९ रुपये

आधी आकडाच लिहितो, कारण ऐकणारा प्रत्येक जण तोच विचारतो आणि मग तोंड फिरवून हसतो. २३,९४९ रुपये. त्यातले १९,५४९ त्या चोराच्या खात्यात गेले आणि उरलेले त्याने दिलेलं भंगार चालवण्याच्या नादात. ज्यांना हसायचं त्यांनी खुशाल हसा, पण पुढचंही वाचा. चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातले आमच्यासारखे छोटे झेरॉक्सवाले प्रिंटरच्या शोधात असतात, आणि हे लोक नेमक्या त्याच दिवसांत जाहिराती टाकतात.

माझं दुकान उत्तर गोव्यातल्या एका गावात आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नपत्रिका, देवळातल्या सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिका, जत्रेतल्या नाटकाची हँडबिलं, चतुर्थीच्या दिवसांत भजन आणि फुगडी स्पर्धांची प्रमाणपत्रं. हजारांचं काम पणजीला नाही तर म्हापशाला ऑफसेटवर जातं, पन्नास-शंभर प्रतींचं रंगीत काम माझ्याकडे येतं. त्याला रंगीत लेझर परवडत नाही आणि फोटोचा कागद त्यात चालत नाही. आधीचा प्रिंटर कार्ट्रिजवाला. ज्यांनी तो पोसलाय त्यांना वेगळं काय सांगणार? सोबत येणारी कार्ट्रिज अर्धवट भरलेली, नवी जोडी घ्यायला जावं तर किंमत ऐकून वाटावं की यापेक्षा प्रिंटरच घ्यावा, आणि निळा रंग संपला की काळ्या अक्षरांचं साधं पत्रसुद्धा छापायला नकार. म्हणून शाईच्या टाकीवाला, म्हणजे बाटलीने शाई ओतायचा, प्रिंटर घ्यायचा असं ठरवलं. तो निर्णय बरोबरच होता, हे मी आजही म्हणतो.

'दुकानातून का नाही घेतलास?' हे मेव्हण्यापासून पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. अहो, गेलो होतो की दुकानात. म्हापशाला किंमत १७,४०० सांगितली आणि माल कधी येईल ते नक्की नाही म्हणाले. इकडे महिला मंडळाची प्रमाणपत्रांची ऑर्डर घेऊन बसलेलो. तेवढ्यात मोबाइलवर जाहिरात दिसली: पणजीतला अधिकृत विक्रेता, गोवाभर घरपोच, जीएसटी बिलासह, १५,८०० रुपये. नीट बघा, सोळाशेच रुपये कमी. पाच हजारांत देतो म्हणाला असता तर मीही फोन ठेवला असता. एवढी सूट ओळखीचा दुकानदारसुद्धा देतो.

आणि बोलणं काय त्याचं! पहिला प्रश्न, 'सर, तुमच्याकडे फोटो जास्त की साधा कागद जास्त?' मग समजावून सांगितलं की या मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची आहे, पावसाचा थेंब पडला तरी अक्षर पसरणार नाही, तिन्ही रंग मात्र डायचे आहेत, तेव्हा प्रमाणपत्रं ओल्या हाताची नकोत. हे सगळं खरं आहे. चोराने मला प्रिंटरबद्दल जेवढं अचूक सांगितलं तेवढं दुकानातल्या पोराला येत नव्हतं.

हिशेब असा: प्रिंटर १५,८००, जादा शाईचा चार बाटल्यांचा संच १,९००, 'दोन वर्षांची वाढीव वॉरंटी' १,४९९, घरपोच आणून देण्याचे ३५०. पाच हजार आगाऊ, १४,५४९ माल आल्यावर. क्यूआर कोड स्कॅन केला तेव्हा दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं. विचारलं, तर 'ते आमच्या अकाउंटंटचं आहे, सर'. तुम्ही म्हणाल, इथेच थांबायचं. थांबलो असतो, पण आमच्याकडे मासळीवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत कोणाचा कोड कोणाच्या नावावर असतो ते एकदा बघा आणि मग मला शिकवा. तरीही लिहून ठेवतो: बिल ज्या नावाचं, पैसे त्याच नावाच्या खात्यात. नाहीतर व्यवहार रद्द.

खरं कळायला हवं होतं ते माल आला तेव्हा. आणि तेच मला अजून झोपू देत नाही.

गोव्याच्याच, जीए नंबरच्या गाडीतून एक तरुण मुलगा आला. खोकं नवं, वर कंपनीची चिकटपट्टी. त्याने स्वतःच उघडलं, प्रिंटर टेबलावर ठेवला, वायर लावली. चारही टाक्या काठोकाठ भरलेल्या. म्हणाला, 'सर, शाई भरून, सेटिंग करूनच आणलंय. लोक पहिल्यांदा भरताना सांडतात, म्हणून आम्ही ऑफिसमध्येच करून देतो.' एक रंगीत पान छापून दाखवलं. सुरेख आलं. पाऊस कोसळत होता, दुकानात दाखल्यांच्या झेरॉक्सला माणसं उभी होती. मी बायकोला म्हटलं, 'बघ, सर्व्हिस असावी तर अशी.' आणि त्याला चहा पाजला. चहा!

आता मला जे पाठ झालंय ते तुम्हीही पाठ करा. टाकीवाला नवा प्रिंटर कोरडा येतो. टाक्या रिकाम्या, शाईच्या सीलबंद बाटल्या खोक्यात वेगळ्या, आत हलणाऱ्या भागांना रंगीत टेपा लावलेल्या. शाई आपण ओततो, मग यंत्र बराच वेळ घरघर करत ती नळ्यांमधून कागदावर शाई सोडणाऱ्या हेडपर्यंत ओढून घेतं आणि टाक्यांची पातळी डोळ्यांदेखत खाली येते. खोक्यावर लिहिलेली पानं पहिल्या भरण्यात निघत नाहीत त्याचं एक कारण हेच. आणि भरलेला प्रिंटर तिरका करायचा नसतो, नळ्यांत हवा जाते, शाई सांडते. तेव्हा खड्ड्यांच्या रस्त्यावरून भरलेल्या टाक्या घेऊन येणारा माणूस तुमच्यावर उपकार करत नसतो. रिकामी करून दाखवता येत नाही अशी जुनी टाकी तो तुम्हाला विकत असतो.

निळ्या टाकीत शाईच्या पातळीच्या थोडी वर, आतल्या बाजूने, एक वाळलेली रेघ होती. कधीकाळी शाई तिथवर राहून गेल्याची. मी ती पाहिली. पाहिली, आणि मनात म्हटलं, प्रवासात हिंदकळली असेल. इतकी वर्षं कार्ट्रिजवर काढलेल्या माणसाने टाकीवाला नवा प्रिंटर उघडताना कधी बघायचा होता? पण ती रेघ आठवली की अंगाचा तिळपापड होतो.

सुरुवातीला काम बरं दिलं. मग फोटोत आडव्या पांढऱ्या रेघा यायला लागल्या. नोझल चेक, म्हणजे सगळे रंग नीट येतात का ते दाखवणारं चाचणीचं पान, काढला तर पिवळा निम्मा गायब. हेड क्लीनिंग केलं, परत केलं. प्रत्येक क्लीनिंगला टाकीतली शाई जाते हे दिसत होतं, रेघा मात्र हटेनात. त्याच्याच जादा संचातली शाई घातली तर ती पाण्यासारखी पातळ, प्रमाणपत्रावरचा कुंकवाचा लाल गुलाबी उतरला. कार्डपेपर आणि ग्लॉसी कागद मिळून १,२६० रुपयांचा माल कचऱ्यात. मंडळाची ऑर्डर शेवटी बाहेरून २,३४० रुपये मोजून छापून घेतली आणि त्यांच्याकडून ठरले तेवढेच घेतले. नाव राखायचं होतं.

मग एका सकाळी टेबलावर प्रिंटरखालून जांभळट काळं पाणी पसरलेलं. फोंड्याच्या एका ओळखीच्या मेकॅनिकला बोलावलं, ८०० रुपये. त्याने खालचं झाकण काढलं आणि बोट दाखवलं. हेड साफ करताना वाया जाणारी शाई तळाच्या नमद्यासारख्या पॅडमध्ये जिरते. किती जिरली ते यंत्र स्वतः मोजत असतं आणि पॅड भरत आला की छपाई बंद करून 'दुरुस्ती करा' म्हणतं. तो आकडा शून्यावर आणायचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सर्रास मिळतो. या महाभागांनी आकडा शून्य केला, पॅड तसाच चिंब ठेवला. मेकॅनिकने लॅपटॉप जोडून एकूण छापलेल्या पानांचा आकडा काढला: ३८,४१२. माझ्या 'नव्या कोऱ्या' प्रिंटरने माझ्याकडे यायच्या आधीच अडतीस हजारांच्या आसपास पानं हाणली होती. हा आकडा सहसा पुसायचा कोणी विचारच करत नाही. म्हणून प्रिंटर हातात येताच, पैसे द्यायच्या आधी, तो काढून बघा. बऱ्याच प्रिंटरमध्ये मेनूतून किंवा ड्रायव्हरमधून निघतो.

वॉरंटीचं ऐका. सर्व्हिस सेंटरवाल्याने मागचा सिरियल नंबर टाकला आणि मान हलवली. मुदत केव्हाच संपलेली. खोक्यावरच्या स्टिकरचा नंबर वेगळा, यंत्राचा वेगळा, आणि बिलावर नंबरच नाही. 'वाढीव वॉरंटी'चं कार्ड त्याने उलटसुलट बघून मला परत दिलं. १,४९९ रुपयांचा रंगीत पुठ्ठा, बहुतेक माझ्याच प्रिंटरवर छापलेला.

बिल तेव्हा कुठे नीट वाचलं. पत्ता पणजीचा, अठरा जून रस्त्यावरचा, तिथे असं दुकानच नाही. जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा. गोव्याचा ३० ने सुरू होतो, २७ म्हणजे महाराष्ट्र. महाराष्ट्रातून गोव्यात विकलं तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा कर लागतो, याने एकाच राज्यातल्या विक्रीला लागतात तसे ९ टक्के सीजीएसटी आणि ९ टक्के एसजीएसटी दाखवलेले. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, फुकट. मी बघितला: नोंदणी रद्द, आणि नाव दुसऱ्याच कोणाचं. पैसे द्यायच्या आधी बघा, माझ्यासारखं नंतर नको.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. बाईंनी ऐकून घेतलं, तक्रार नोंदवून नंबर दिला. पण एव्हाना पैसे कधीच पुढे गेलेले. हा नंबर पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर खात्यात अडकलेले पैसे गोठवता येतात. आपल्याला फसलो हेच कळायला वेळ लागतो, तिथेच हे लोक जिंकतात. बँकेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणे, पिन तुम्हीच टाकलाय, बँक काय करणार?

मग पोलीस स्टेशन. ठाणं कुठलं ते लिहीत नाही, लिहिलं तर उद्या तिथेच जायचंय. टेबलावरच्या साहेबांनी सगळं ऐकलं, जांभई दिली आणि म्हणाले, 'प्रिंटर मेळ्ळा न्हय तुका? मागीर फटवणूक कसली?' म्हणजे, प्रिंटर मिळाला ना तुला, मग फसवणूक कसली? दुसरा म्हणाला, हा दिवाणी मामला, वकील बघा. तिसऱ्याने विचारलं, स्वस्तात घ्यायला गेला होता का? म्हणजे आरोपी मीच. भिजलेला पॅड पिशवीत घालून पुरावा म्हणून नेला होता, तर बाक खराब होईल म्हणून बाहेर ठेवायला लावला. जुना माल नवा सांगून विकणं, खोट्या नंबरचं बिल देणं ही फसवणूक नाही, तर भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ कशासाठी ठेवलंय? शोभेला? अर्ज घेतला, पोच देईनात. पोच मागितली तर साहेब जेवायला गेले. सायबर शाखेत जा म्हणाले, तिथून परत स्थानिक ठाण्यात पाठवलं. तक्रार नोंदवून घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ (४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी टपालाने पाठवता येते. मी स्पीड पोस्टाने पाठवली, पावती जपून ठेवलीय. तोंडी 'नाही' ऐकून घरी येऊ नका.

ग्राहक म्हणून दाद मागायला एका कार्यालयात गेलो तर तिथला कारकून कागद न बघताच म्हणतो, 'धंद्यासाठी घेतलाय ना? मग तुम्ही ग्राहक नव्हे.' आयुष्यभर फॉर्म भरून देणाऱ्या माणसाला हे सांगतोय! ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २ (७), आणि खालचं स्पष्टीकरण वाचा: स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यावसायिक कारणात धरली जात नाही. मी, बायको, एक टेबल आणि एक झेरॉक्स मशीन, याहून वेगळा स्वयंरोजगार कोणता? पाच लाखांपर्यंतच्या मालाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या भरता येते. मी भरलीय, पैसे ज्याच्या खात्यात गेले त्याच्या नावाने. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांनी आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा.

प्रिंटर विकून टाका, भंगारवाला चारशे देईल, असा सल्ला सगळे देतात. अजिबात देणार नाही. खोकं, दोन्ही सिरियल नंबरचे फोटो, पॅड, चॅट, सगळं ठेवलंय. तुम्हीही ठेवा. आणि खोकं उघडताना कोणाला तरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावा, समोरचा कितीही गोड बोलत असो.

अधीक्षकांच्या कार्यालयातून अर्ज फिरत फिरत पुन्हा त्याच ठाण्यात आला आहे. परवा तिथून फोन आला. यावेळी सूर मऊ होता, 'दादा' म्हणाले. विक्रेत्याचा खरा पत्ता मला कुठे मिळाला तर तो घेऊन यावा, म्हणजे त्यांना तपास सुरू करता येईल.