बर्फवाला फ्रिज खेड्यात घेणार असाल तर आधी टाकीची उंची मोजा

आर्वी तालुक्यातलं आमचं खेडं. घरी सात जण, उन्हाळ्यात नणंदेची पोरं येतात ती वेगळी, अन् मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की शेतातून आलेल्या माणसाच्या हातात आधी थंड पन्हं द्यावं लागते, मंग बाकीच्या गोष्टी. म्हणून संक्रांतीच्या आसपास कापूस विकला तेव्हा अमरावतीहून दोन दारांचा मोठा फ्रिज आणला, आपोआप बर्फ करणारा, मागून पाण्याची पाव इंची नळी जोडायचा. कंपनीचं अन् दुकानाचं नाव मी लिहत नाही, मुद्दा दुसरा आहे.

फ्रिज म्हणून वस्तू चांगली आहे. दूध फाटत नाही, भाजी आठ दिवस राहते, आवाज नाही. तक्रार आहे ती फक्त बर्फाची, अन् बर्फासाठीच तर एवढे पैसे टाकले होते.

पहिल्यापासूनच बर्फ बारका यायचा. खड्यासारखा जाड यायला पाहिजे, तर आमचा चंद्रकोरीसारखा पातळ, हातात घेतला की मोडून जायचा. आम्हाला वाटलं नवीन आहे, होईल नीट. एप्रिल लागला अन् बंदच पडला, अन् एक दिवस सकाळी डबा ओढून बघते तर आत सगळ्या बर्फाचा एकच गोळा, दगडासारखा, अन् वरून थेंब थेंब पाणी पडूनच राहिलं होतं.

मी पुस्तक वाचून घरी जेवढं करता येते तेवढं केलं. बर्फाच्या डब्यावरची दांडी बघितली, ती वर अडकली असेल तर मशीनला वाटते डबा भरला अन् ते थांबते, पण आमची खालीच होती. फ्रीझर उणे १८ वर ठेवला, २४ तास दार कमीत कमी उघडलं. फिल्टर काढून त्याच्या जागी सोबत आलेलं बायपासचं झाकण, म्हणजे पाणी फिल्टरशिवाय सरळ जाते ते, लावून बघितलं, थोडासा फरक पडला, जास्त नाही. मंग वरची भरायची नळी बोटानं चाचपली तर तोंडाशी बर्फ जमलेला. फ्रिजची पिन काढली, गरम पाण्यात पिळलेलं फडकं नळीवर धरून धरून तो बर्फ सोडवला. कृपा करून सुरी किंवा पेचकस घालू नका, प्लास्टिक फुटते. दोन दिवस चाललं, परत तेच.

कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोन लावला, नऊ दिवसांनी आला, दहा मिनिटांत मागचा पाण्याचा व्हॉल्व्ह बदलला, म्हणे पाणी खराब आहे म्हणून गेला, हे वॉरंटीत नाही, अन् २४०० रुपये घेऊन गेला. टाकी कुठे आहे, पाणी किती जोरात येते, एका शब्दानं विचारलं नाही. याचा मला खरंच राग आहे. तिसऱ्या दिवशी नळी परत गोठली.

शेवटी आमच्या घरच्यांनी आर्वीच्या एका मेकॅनिक भाऊला आणलं. त्यांनी फ्रिज उघडलाच नाही, आल्या आल्या विचारलं, "ताई, टाकी कुठी आहे तुमची?" मी म्हटलं स्लॅबवर. ते वर जाऊन बघून आले, मंग फ्रिजमागची नळी काढून रिकाम्या लिटरच्या बाटलीत धरली अन् मोबाईलवर वेळ लावली. बाटली भरायला पावणेतीन मिनिटं लागली! म्हणे, "व्हॉल्व्ह सात-आठ सेकंदच उघडते. तेवढ्यात पन्नास मिली पण पडून नाही राहिलं, बर्फ कुठून होईल?"

मंग त्यांनी समजावून सांगितलं ते मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मशीन पाणी मोजत नाही, फक्त वेळ मोजते. पुस्तकात कमीत कमी २० पीएसआय (पीएसआय म्हणजे दाब मोजायचं माप) दाब लिहिला आहे, अन् टाकीच्या दर १० फुटाला जेमतेम सव्वाचार पीएसआय मिळतो. आमची टाकी बारा फुटावर, म्हणजे पाचच. २० पाहिजे तर टाकी ४६ फुटावर न्या, तेवढा तर गावचा जलकुंभ पण उंच नसेल! अन् हा व्हॉल्व्ह बंद पण पाण्याच्या दाबानंच घट्ट होतो, दाब कमी पडला की तो झिरपते, तेच थेंब नळीत गोठते अन् डब्यात पडून गोळा करते. एवढ्या दिवसांचं कोडं एका वाक्यात सुटलं.

उपाय असा केला की फवारणीच्या बॅटरी पंपात असते तशी १२ व्होल्टची डायफ्राम मोटर, दाब भरला की आपोआप बंद होणारी, नळीला जोडली. मोटर कोरी, पिण्याच्या पाण्याची घेतली. घरी पंप पडला आहे म्हणून फवारणीचा जुना कोणी लावू नका, औषधाचा अंश त्यात राहतेच. मोटर, अडॅप्टर, मजुरी सगळं मिळून १८५० रुपये. बर्फाचे पहिले दोन-तीन घाणे फेकून द्या म्हणाले, ते फेकले. आता दोन तासांत आठ खडे पडतात, जाड, मधोमध पांढरे.

पाणी आमचं बोअरचं, जड. हा फिल्टर वास काढते, क्षार काढत नाही, त्यामुळे बर्फ वितळला की ग्लासात पांढरी कणी दिसते. पोरं विचारतात हे काय आहे म्हणून. मोटरच्या आधी आरो लावायचा विचार आहे, पण पुढच्या कापसावर. अन् वीज गेली, अवकाळीत तर तीन तीन तास जाते, की खडे चिकटतातच, तेव्हा डबा काढून हलवून ठेवते.

फ्रिजला पाचपैकी चार, कंपनीच्या सर्व्हिसला एकच, आर्वीच्या भाऊंना पूर्ण पाच. काढलेला जुना व्हॉल्व्ह मी मागून ठेवून घेतला होता, भाऊंनी तपासला, चांगला निघाला. तो पिशवीत घालून सोमवारी दुकानात जाणार आहे, २४०० रुपये परत मागायला.