म्हापशातले एलियनचे शनिवार, १५० रुपये पूर्ण वसूल

म्हापशात एका जुन्या घराच्या माडीवर छोटा फिल्म क्लब चालतो, त्यांनी या पावसाळ्यात ओळीने चार शनिवार एलियनवरचे सिनेमे लावले. विषय एकच, परग्रहावरच्या प्राण्याबद्दल आपल्याला माया का वाटते आणि कधी वाटत नाही. तिकीट १५० रुपये, त्यात मध्यंतराला चहा आणि बन्स, आणि सिनेमा संपल्यावर तासभर गप्पा. आधीच सांगते, पुढच्या वेळी लावले तर नक्की जा, खरा माल त्या गप्पांमध्ये आहे.

सोयींचं थोडक्यात. प्रोजेक्टर चांगला आहे, चित्र स्वच्छ दिसतं. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तास बसून पाठ धरते, घरून उशी न्या. सबटायटल्स इंग्रजी आहेत, मराठी नाहीत, त्यामुळे माझ्या सासूबाईंना बरंच शेजारून सांगावं लागलं. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे वर पत्रे आहेत आणि जोराचा पाऊस आला की काही म्हणजे काही ऐकू येत नाही. शेवटच्या शनिवारी 'अरायव्हल' (२०१६) होता आणि नेमका तेव्हाच कोसळला. त्या सिनेमाला साउंड एडिटिंगचं ऑस्कर मिळालंय, त्यातल्या प्राण्यांना ना चेहरा ना डोळे, त्यांचं असणं आपल्याला पोचतं ते निम्मं त्या खोल घुमणाऱ्या आवाजातूनच, आणि तोच आवाज गेला. पावसाळ्यात शो ठेवायचे तर छताचं काहीतरी कराच.

सिनेमांची निवड आणि क्रम मात्र एकदम विचार करून लावलेला. सुरुवात 'क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड' (१९७७) ने. क्लब चालवणाऱ्या काकांनी आधी सांगितलं की त्यात जो भारतातला सीन आहे, हजारो लोक एकच सूर गातात आणि तो कुठून आला विचारल्यावर सगळे बोटं आकाशाकडे करतात, तो शूट झालाय आपल्या खोपोली-खालापूर बाजूच्या हाळ गावात. हॉलमध्ये कुजबूजच सुरू झाली, आणि मग तो सीन आला तेव्हा आम्ही एलियन विसरून त्या गर्दीतले चेहरेच बघत होतो.

दुसऱ्या शनिवारी 'ई.टी.' (१९८२), त्या दिवशी पोरं भरपूर होती. काका म्हणाले कॅमेरा किती उंचीवर आहे तेवढं बघत राहा. खरंच, बराच वेळ आई सोडून मोठ्या माणसांचे चेहरेच दिसत नाहीत, कंबरेला लटकणाऱ्या चाव्या, टॉर्च, पाय एवढंच. म्हणजे आपल्याला त्या मुलाच्या आणि ई.टी.च्याच उंचीवर उभं केलंय, तिथून मोठी माणसंच परकी आणि भीतीदायक वाटतात. शूटिंगही शक्यतो गोष्टीच्या क्रमानेच केलं होतं, त्यामुळे शेवटी मुलं रडतात ते बरंचसं खरं रडणं आहे. सत्यजित राय यांच्या 'द एलियन' या १९६७ च्या पटकथेचाही विषय निघाला, बंगालमधल्या खेड्यात तळ्यात यान उतरतं आणि लोक त्याला देऊळ समजून पूजा करायला लागतात, हॉलिवूडपर्यंत गोष्ट गेली पण सिनेमा बनलाच नाही. हे ऐकून मला फार हळहळ वाटली.

पण माझ्यासाठी सगळी मालिका तिसऱ्या शनिवारसाठी होती, 'डिस्ट्रिक्ट ९' (२००९). ई.टी. काय किंवा आपला 'कोई मिल गया'तला जादू काय, मोठे ओले डोळे, लहान चण, जीव लावायला आपल्याला काहीच कष्ट नाहीत. इथे मात्र प्राणी किळस येईल असाच केलाय, तोंडाशी वळवळणाऱ्या मिशा, कॅटफूडसाठी हपापलेला, जोहान्सबर्गच्या झोपडपट्टीत कोंबलेला, लोक त्यांना प्रॉन म्हणून हिणवतात. आणि सरकारी काम घेतलेल्या कंपनीचा माणूस हसत हसत दारोदार जाऊन त्यांच्याकडून जागा खाली करायच्या कागदावर सह्या घेतोय. पहिला अर्धा तास आपण त्या माणसाच्या बाजूने बघतो. मग त्यातला एक एलियन, ज्याला लहान मुलगा आहे, तो प्रयोगशाळेत आपल्याच जातीच्या प्राण्यांची चिरलेली प्रेतं बघतो आणि पळायचं सोडून तिथेच थिजून उभा राहतो. तिथे मला एकदम रडू आलं. चेहरा किड्यासारखाच आहे, काही गोंडस झालेला नाही, तरी आलं. त्या झोपड्या सेट नव्हेत, सोवेतोतल्या चियावेलो भागातल्या खऱ्या आहेत, तिथल्या लोकांना तेव्हा खरोखरच दुसरीकडे हलवत होते.

गप्पांमध्ये कॉलेजातल्या एका मुलीने विचारलं की मग यातले नायजेरियन लोक असे का दाखवलेत, सगळेच गुंड, एलियनचं मांस खाणारे. बरोबर आहे तिचं, नायजेरियाच्या सरकारने तेव्हा थिएटरांना हा सिनेमा उतरवायला सांगितलं होतं. म्हणजे किड्यासारख्या प्राण्याला बाप म्हणून दाखवायला दिग्दर्शकाकडे वेळ आहे, पण त्याच वस्तीतल्या नायजेरियन माणसाचं घर, मूल, काहीच दाखवायला नाही. आणि हे आम्ही बोलतोय म्हापशात, जिथून पर्रा हाकेच्या अंतरावर. २०१३ साली पर्रात एका नायजेरियनाचा खून झाला, मग त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला आणि आपल्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कॅन्सर म्हटलं. हे एका रिटायर्ड मास्तरांनी आठवण करून दिलं, कोणी आवाज चढवला नाही, पण दोघं-तिघं म्हणाले की तेव्हा आम्हालाही तसंच वाटायचं. अशी चर्चा मी गोव्यात मोठ्या फेस्टिव्हलच्या काळातसुद्धा ऐकलेली नाही, तिथे सिनेमा संपला की सगळे पुढच्या रांगेकडे धावतात.

ता.क. 'डिस्ट्रिक्ट ९' ला लहान पोरांना नेऊ नका, हिंसा खूप आहे, एक जोडपं मुलांना घेऊन मधूनच उठून गेलं, क्लबने हे आधी सांगायला हवं होतं. बुकिंग फोनवर, जागा चाळीसेकच. दिवाळीनंतर पुन्हा लावणार म्हणतायत, तेव्हा पाऊस नसेल, 'अरायव्हल' मी परत बघणार.