कादंबरीच्या आधीचे वाचनालय : नाशिकचे 'सावाना'

टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयाविषयी, म्हणजे नाशिककरांच्या 'सावाना'विषयी, सभासद या नात्याने अभिप्राय देताना त्याच्या वयापासूनच सुरुवात करावी लागते. १८४० साली 'नेटिव्ह लायब्ररी' या नावाने हे वाचनालय सुरू झाले, तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघून जेमतेम ८ वर्षे झाली होती, मुंबई विद्यापीठ १७ वर्षे दूर होते आणि नाशिकची नगरपालिका २४ वर्षे. मराठीतील पहिली मानली जाणारी 'यमुनापर्यटन' ही कादंबरीसुद्धा १८५७ची. म्हणजे माझ्यासारखे सभासद ज्या वाङ्मयप्रकारासाठी आज देवघेव विभागाच्या चकरा मारतात, तो मराठीत अवतरण्यापूर्वीच त्याच्यासाठी कपाट उभे राहिले होते. 'नेटिव्ह' या परक्याने दिलेल्या विशेषणाच्या जागी पुढे 'सार्वजनिक' हा शब्द आला, हा बदल मला नुसत्या पाटीपुरता वाटत नाही.

हस्तलिखित पोथ्यांचा संग्रह, वस्तुसंग्रहालय आणि परशुराम साईखेडकर नाट्यगृह हा सारा पसारा याच संस्थेचा आहे, आणि कुसुमाग्रजांचाही तिच्याशी निकटचा संबंध राहिला. नाट्यगृहात नाटक पाहिलेल्या अनेकांना ते एका वाचनालयाचे आहे हे ठाऊक नसते, याची मात्र गंमत वाटते. संस्थेची कार्यकारिणी सभासद मतदानाने निवडतात आणि त्या निवडणुकीची चर्चा शहरात नगरसेवकांच्या निवडणुकीइतक्याच चवीने होते.

सेवेबद्दल सांगायचे, तर मला सर्वांत मोलाची वाटते ती तिच्यातील सातत्याची हमी. आमच्या गल्लीत पूर्वी एक खासगी वाचनालय होते. ते एके दिवशी बंद झाले आणि माझी अनामत त्याच्या कुलपाआड गेली ती गेलीच. सार्वजनिक वाचनालयाचे तसे नसते. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानुसार शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते, त्यावर अनुदान ठरते आणि त्यासाठी दाखल नोंदवहीपासून जमाखर्चापर्यंतची दप्तरे तपासणीस ठेवावी लागतात. म्हणूनच जुन्या पुस्तकाच्या पहिल्या पानावरचा दाखल क्रमांक आणि झिजलेला शिक्का पाहिला, की आपल्याआधी ते किती हातांतून गेले असेल याचा अंदाज बांधत मी क्षणभर थांबतो.

केवळ नवे पुस्तक हवे असणाऱ्याला ते विकत घेणे किंवा मोबाइलवर वाचणे सोयीचे वाटेल, हे मान्य आहे. बाजारात आता न मिळणारे पुस्तक ज्याला हवे असेल, त्याने मात्र वर्गणीचा फार विचार न करता सभासद व्हावे. शालिमारच्या गर्दीत दुचाकी लावायला जागा शोधण्याचा वेळ तेवढा हिशेबात धरावा. मी स्वतः रविवार कारंजावरून पायीच जातो.