गृहअर्थशास्त्र की गृहविज्ञान?

‘होम इकॉनॉमिक्स’ला मराठीत ही दोन नावं आहेत. पहिलं शब्दशः भाषांतर, म्हणून ते बरोबर वाटतं. गंमत मुळातच आहे. ग्रीक ‘ओइकोस’ म्हणजे घर, ‘नेमेइन’ म्हणजे वाटणं, व्यवस्था लावणं. त्यातून ‘ओइकोनोमिया’, म्हणजे घराचा कारभार. राज्याच्या तिजोरीला हा शब्द फार नंतर लागला. म्हणजे होम इकॉनॉमिक्स झालं ‘घरचा घरकारभार’!

आपल्या ‘अर्थ’ शब्दात मात्र घर कुठेच नाही. त्यात हेतू, धन, उपजीविका. त्यामुळे ‘गृहअर्थशास्त्र’ ऐकलं की डोळ्यांसमोर फक्त जमाखर्चाची वही येते. या विषयात शिकवले जाणारे आहार, वस्त्र, बालविकास बाहेरच राहतात.

‘गृहविज्ञान’ त्यांना आत घेतं. विज्ञान म्हणजे विशेष ज्ञान. १८९९ साली अमेरिकेतल्या लेक प्लॅसिड परिषदेत ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरलं, तेव्हा पुढाकार घेणाऱ्या एलेन रिचर्ड्स रसायनशास्त्रज्ञच होत्या. पैशाचा हिशेब या नावात थोडा झाकला जातो खरा, पण मी हेच वापरेन. या विषयाच्या अमेरिकेतल्या संघटनेनेही १९९४ मध्ये ‘इकॉनॉमिक्स’ सोडून ‘कुटुंब आणि ग्राहक विज्ञान’ हे नाव घेतलं.