चिखल, क्लीट आणि शिमानो एम५२०: हौशी सायक्लोक्रॉससाठी हे पेडल पुरते का?

सायक्लोक्रॉस म्हणजे चिखल-वाळूतून, मधेच सायकल उचलून धावत, फेऱ्यांनी होणारी शर्यत. तिच्यात पाय पुन्हा पेडलमध्ये अडकवायची वेळ किती वेळा येते, ते आधी मोजून पाहा. एका फेरीत फळ्यांचा अडथळा, धावतच चढावा लागणारा एक चढ आणि वाळूचा किंवा खोल चिखलाचा एखादा पट्टा. म्हणजे तीनदा उतरणे आणि तीनदा उडी मारून बसणे. हौशी गटाच्या ४०-४५ मिनिटांत अशा सहा फेऱ्या झाल्या, तर अठरा वेळा. सुरुवातीच्या रेषेवरची एक धरली तर एकोणीस. दर वेळी दोन सेकंद चाचपडण्यात गेले, की अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ हातचा गेला, तोही पायात ताकद शिल्लक असताना. म्हणून या खेळासाठी पेडल तपासताना वजनाच्या आकड्यापासून सुरुवात करण्यात अर्थ नाही.

शिमानो पीडी-एम५२० हे एसपीडी जातीचे, म्हणजे बुटाला लावलेली क्लीट अडकवायचे पेडल. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसवलेला धातूचा छोटा तुकडा. ती दोन्ही बाजूंनी अडकते, भोवती पिंजरा नाही, जोडीचे वजन ३८० ग्रॅम. एकच सायकल, पिटमध्ये (शर्यतीत सायकल बदलायच्या जागी) मदतीला कोणी नाही, दर आठवड्याला शर्यत आणि मधे दुरुस्तीला एखादीच संध्याकाळ, असे ज्याचे गणित आहे त्याने डोळे झाकून घ्यावे असे हे पेडल आहे. फक्त चिकट मातीत ते कमी पडते, आणि ते कमी पडणे किरकोळ नाही.

वजनाचा विषय आधी उरकून घेऊ. याच घराण्यातले एम५४० हे ३५२ ग्रॅम, एक्सटी एम८१०० हे ३४२ ग्रॅम. म्हणजे यातल्या स्वस्त आणि चांगल्यापैकी महागड्या पेडलमध्ये जोडीमागे ३८ ग्रॅमचा फरक. पहिल्याच फेरीत एका बुटाला याहून जास्त चिखल लागतो. एक्सटीत खरा फायदा आहे तो बुटाचा तळ टेकायला मिळणाऱ्या रुंद जागेचा. पाय कमी डुगडुगतो. क्लीट पकडण्याची रचना मात्र दोन्हींत तीच.

ही रचना नीट समजून घेतली, की निम्म्या तक्रारींची उत्तरे मिळतात. पुढे एक स्थिर आकडा (हुक), मागे स्प्रिंगवर हलणारा जबडा. क्लीटचे नाक आधी पुढच्या आकड्याखाली सरकते, मग चवड्याने खाली दाबले की मागचा जबडा उघडून मिटतो आणि टक् आवाज येतो. टाच बाहेर वळवली की पाय सुटतो. अडकण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात: नाकाला जागा सापडली पाहिजे आणि क्लीटला पूर्ण खाली बसायला पोकळी मोकळी पाहिजे. चिखलात बहुतेक वेळा दुसरी गोष्ट फसते. क्लीटभोवती बुटाच्या तळात जो खळगा असतो तो मातीने भरतो, क्लीट मातीच्या पातळीत बुडते, आणि कितीही जोर लावला तरी ती जबड्यापर्यंत पोहोचतच नाही. लोक पेडलला शिव्या घालतात. भरलेला असतो तो बूट.

सगळा चिखल सारखा नसतो. पातळ, पाणीदार घोळात एम५२० उत्तम चालते, कारण तो स्वतःच वाहून जातो. वाळू आत जाते तशी झटकल्यावर बाहेरही पडते. फक्त ती क्लीट आणि आकडा घासत राहते. त्रास देते ती गवत मिसळलेली चिकणमाती. गिलाव्याच्या मातीत भुसा घातल्यावर ती जशी धरून राहते, तशीच ही बुटाच्या तळाला धरते. ओला बर्फ त्याहून वाईट, कारण प्रत्येक पावलागणिक तो दाबून घट्ट होतो. एम५२०च्या दोन जबड्यांमधले अंग बऱ्यापैकी भरीव आहे, त्यामुळे बुटातून निसटलेला गोळा पेडलवरच बसून राहतो. मोठ्या स्पर्धांत खोल चिखल असेल तर आघाडीचे खेळाडू अर्ध्या-अर्ध्या फेरीला पिटमध्ये सायकल बदलतात आणि मदतनीस दुसरी धुऊन तयार ठेवतात. त्यांच्या पेडलवर चिखल साचायला वेळच मिळत नाही, म्हणून त्यांची निवड पाहून आपली ठरवू नये.

उपाय आहेत. शर्यतीआधी बुटाच्या तळातल्या खळग्यात आणि पेडलच्या जबड्यांवर सिलिकॉन स्प्रेचा पातळ थर द्यावा. बूट सायकलपासून लांब नेऊन फवारावेत, आणि पेडलवर स्प्रे थेट न मारता फडक्यावर घेऊन पुसावा. डिस्क ब्रेकच्या रोटरवर त्याचा एक शिंतोडा गेला तर पॅड वाया जातात. हा थर धावताना घासून निघतो, शेवटच्या फेरीपर्यंत टिकेल ही अपेक्षा नको. दुसरा उपाय सवयीचा. उडी मारून बसल्यावर लगेच टक् शोधू नये. पाय पेडलवर जसा पडला तसा ठेवून अर्धा फेरा जोरात मारावा, म्हणजे मधली माती दाबली जाऊन बाजूने निघते, आणि मग नाक पुढे सरकवून दाबावे. बूट क्रँकवर (पेडल ज्या दांड्याला बसते त्यावर) आपटून झाडायची सवय अनेकांना असते. क्रँक कार्बनचा असेल तर ती सोडलेली बरी.

इथे क्रँकब्रदर्सच्या एगबीटरचे नाव निघणारच. चार बाजूंनी अडकते, अंग जवळपास नाहीच, मातीला बसायला जागा नाही. चिकणमातीत ते एम५२०पेक्षा सरस आहे, यात वाद नाही. पण त्याची किंमत हंगामभर वेगळ्या रूपाने मोजावी लागते. क्लीट पितळेच्या, त्यामुळे खडीवरून धावणाऱ्याच्या त्या शिमानोच्या पोलादी क्लीटपेक्षा लवकर झिजतात. पकड सैल-घट्ट करायचा स्क्रू नाही. डाव्या-उजव्या क्लीटची अदलाबदल करून सुटण्याचा कोन १५ किंवा २० अंश ठेवता येतो, एवढीच मुभा. टेकायला अंग नसल्यामुळे बुटाच्या तळाची जाडी आणि क्लीटखालच्या पातळ पट्ट्या नेमक्या जुळवाव्या लागतात, नाहीतर पाय डोलतो. बेअरिंगची देखभालही जास्त वेळा. हंगामातल्या बहुतेक शर्यती चिकट मातीत होणार असतील तर एगबीटर घ्यावे. दोन-तीनच तशा असतील तर त्या दोन-तीन दिवसांसाठी बाकीचा हंगाम देखभालीत घालवण्यात शहाणपण नाही.

आता एम५२० घेतल्यावर काय करायचे ते. सोबत आलेल्या क्लीट काळ्या एसएच५१ आहेत ना, ते पाहून घ्या. चंदेरी रंगाच्या एसएच५६ नवशिक्याला सुरक्षित म्हणून सुचवल्या जातात, कारण त्या पाय वर ओढूनही सुटतात. सायक्लोक्रॉसमध्ये तोच दोष ठरतो: खडबडीत चढावर पेडल वर ओढले की पाय सुटतो आणि गुडघा हँडलवर आदळतो. पायाला एसएच५१चीच सवय लावावी.

पकडीचा ताण ३ मिमी ॲलन कीने बदलतो. स्क्रू चार आहेत, दर बाजूला एक, आणि सर्वांत जास्त चूक इथेच होते. एका बाजूचा फिरवला, दुसरा विसरला. मग एकदा पाय सहज सुटतो, एकदा अडकतो, आणि माणूस क्लीटला दोष देतो. चारही स्क्रू पूर्ण सैल बाजूला न्यावेत (उघडून बाहेर काढू नयेत) आणि तिथून दोन-तीन खटके मोजून घट्ट करावेत. प्रत्येक खटका हाताला जाणवतो. फळ्यांआधी उतरताना डावा पाय शेवटी सुटतो, तोच अडकला तर माणूस तोंडावर पडतो. त्यामुळे शंका असेल तर सैल बरे.

पेडल बसवताना दोन्हींच्या आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे सगळ्यांना माहीत असते, आणि घाईत सगळेच विसरतात. घट्ट करण्याचे बल ३५ ते ५५ न्यूटन मीटर, १५ मिमी पान्याने. सैल राहिले तर पेडलचे काही बिघडत नाही, क्रँकचे आटे मात्र खाल्ले जातात, आणि मग क्रँकच बदलावा लागतो.

हंगाम मोडणाऱ्या गोष्टींत पहिला मान क्लीटच्या बोल्टचा. प्रत्येक क्लीटला दोन बोल्ट. एक सैल होऊन पडला की क्लीट दुसऱ्याभोवती फिरते. मग टाच कितीही वळवली तरी बूट वळतो आणि क्लीट जागेवरच राहते. पाय सुटत नाही. असा माणूस सायकलसकट आडवा होतो, बूट पेडलवरच सोडून पाय बाहेर काढतो. टाळायला लागतात दहा मिनिटे: बोल्टला ग्रीस, ५ ते ६ न्यूटन मीटर, एक सराव झाल्यावर पुन्हा तेवढेच बल लावून खात्री, आणि नंतर दर दोन शर्यतींनी एकदा. बोल्टच्या ४ मिमी खाचेत खडे ठासून बसतात आणि गंज चढतो. काढायला गेले की खाच गोल होते. बोल्ट घट्ट झाल्यावर खाचेत मेणाचा तुकडा दाबून भरावा. काढायच्या वेळी तो सुईने उकरून निघतो आणि ॲलन की पूर्ण खोल बसते. एवढ्याशा मेणाने पुढची ड्रिलची पाळी टळते.

क्लीट कधी बदलायची? तिच्या नाकाची कड गोल झाली, पाय आडवा हलायला लागला किंवा जोर लावताना न विचारता सुटायला लागला, की. ताण वाढवून हे झाकता येते आणि बरेच जण झाकतात. पण झिजलेली क्लीट आणि घट्ट स्प्रिंग एकत्र आले की पाय कधी सुटेल आणि कधी नाही, हे सांगता येत नाही. क्लीट वर्षाआड नव्हे, हंगामाच्या सुरुवातीलाच बदलावी. जुनी काढण्याआधी तिच्या भोवती मार्करने रेघ मारली, तर नवी नेमकी त्याच जागी बसते आणि गुडघे तक्रार करत नाहीत. नव्या बुटांच्या रबरी खुंट्या उंच असतील तर त्या पेडलला टेकून क्लीटला खाली जाऊ देत नाहीत. क्लीटखाली पट्टी घालावी किंवा खुंट्यांची आतली कड धारदार सुरीने थोडी तासावी.

बेअरिंग हा एम५२०चा सर्वांत मोठा गुण आहे. आत सुटे छर्रे आणि कोन (शंकूच्या आकाराचा नट), म्हणजे उघडता येणारे आणि पुन्हा घट्ट करता येणारे. शत्रू एकच: प्रेशर वॉशर. धार एक्सलच्या (पेडल ज्याभोवती फिरते त्या दांड्याच्या) सीलवर समोरून धरली की पाणी आत जाते, आणि काही आठवड्यांत पेडल फिरवताना कणी लागते. पेडल क्रँकवरून काढून टीएल-पीडी४० हे प्लास्टिकचे हत्यार व्हाइसमध्ये पकडावे, पेडलची दातेरी बाही (एक्सल पेडलमध्ये धरून ठेवणारा भाग) त्यात बसवावी आणि हत्यारावर छापलेला बाण पाहूनच फिरवावे. उजव्या पेडलच्या बाहीचे आटे उलटे, डाव्याचे सुलटे, म्हणजे क्रँकच्या बरोबर विरुद्ध. ही बाही प्लास्टिकची असते. चुकीच्या दिशेने जोर लावला तर तडकते, आणि एम५२० बाद होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

एक्सल छर्र्यांसकट अख्खा बाहेर येतो. कोन उघडायची गरज नाही. पेडलच्या पोकळीत निम्म्यापर्यंत जलरोधक ग्रीस भरावे आणि एक्सल परत हळूहळू पिळून बसवावा. नवे ग्रीस छर्र्यांतून पुढे सरकते आणि जुने, काळे, पाणी धरलेले ग्रीस सीलजवळून बाहेर येते. स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत हेच पुन्हा करायचे. शेवटी बाही १० न्यूटन मीटरला. दोन्ही पेडलचे काम पाऊण तासात होते, सवय झाली की पंधरा मिनिटांत. एक्सलला आडवा खेळ आला असेल तरच कोन आणि लॉकनटला हात लावावा, आणि ते काम मात्र चिकाटीचे आहे: लॉकनट आवळताना कोन थोडा पुढे सरकतो, त्यामुळे तीन-चार प्रयत्न धरूनच बसावे.

पडल्यानंतर पेडल हाताने फिरवून बघावे. ते लहरत फिरत असेल तर एक्सल वाकला आहे. अशावेळी गुडघ्याच्या दुखण्यावर मलम शोधत बसू नये. एक्सलचा संच सुटा मिळतो, किंवा पेडलच बदलावे.

एम५२० स्वस्त आहे, याचा खरा उपयोग इथे होतो. वाचलेल्या पैशांत सुटा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा भाग फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि ब्रेक पॅडची एक जादा जोडी घेऊन किटमध्ये ठेवावी. ओल्या, वाळूमिश्रित चिखलात रेझिन पॅड एका शर्यतीत संपू शकतात. मेटल पॅड जास्त टिकतात, फक्त रोटरवर ‘फक्त रेझिन’ असे लिहिलेले नाही ना, ते पाहावे. हँगर वाकला किंवा तुटला तर कोणतेही पेडल शर्यत पूर्ण करून देत नाही.

जुनी जोडी विकत घेताना तीन गोष्टी बघा: चारही ताणाचे स्क्रू फिरतात का, दातेरी बाहीवर तडा आहे का, आणि पुढच्या आकड्याची आतली कड चकचकीत घासून पातळ झाली आहे का. तिसरी गोष्ट असेल तर नवी क्लीट घालूनही पाय डुगडुगतच राहणार, ती जोडी परत ठेवा.