वजनं उचलणाऱ्याला योगा किटमधलं काय कामाचं?

६ मिमीची ईव्हीए फोमची मॅट, दोन फोमचे ब्लॉक आणि ८ फुटी सुती पट्टा, असं योगा किट आता जळगाव-धुळ्याकडेही सहज मिळतं. आठवड्यातून तीन-चार दिवस जिमला जाणाऱ्यानं ते घ्यावं का? पट्ट्यासाठी जरूर घ्यावं, मॅटसाठी नको.

किटमधली सगळ्यात उपयोगी वस्तू पट्टाच. स्क्वॉट-डेडलिफ्ट करणाऱ्या बऱ्याच जणांची मांडीची मागची बाजू आखडलेली असते. पुढे वाकून अंगठे धरायला गेलं की मांडी ताणली जातच नाही, कंबर मात्र गोल होते. म्हणून सुप्त पादांगुष्ठासन करा. पाठीवर झोपून पट्टा पायाच्या बोटांच्या मुळाशी अडकवा, गुडघा किंचित वाकलेला ठेवा आणि पाय वर आणा. ४५ ते ६० सेकंद, प्रत्येक पायाला दोनदा. त्या बाजूचा कुल्ला जमिनीवरून उचलला गेला, की ओढ जास्त झाली समजा आणि पट्टा सैल करा. ताण मांडीच्या मध्यावर जाणवला पाहिजे. बैठकीच्या हाडापाशी टोचलं तर तिथेच थांबा, तो स्नायूबंधावर येणारा ताण आहे. पट्ट्याला धातूच्या दोन कड्या आहेत ना, ते बघून घ्या. प्लास्टिकचं बक्कल जोराच्या ओढीनं सरकू शकतं. घरात खाटेची जुनी नवार असेल तर तिनंही भागतं, फास तेवढा हातानं बांधावा लागतो.

ब्लॉक निम्मे कामाचे. सेतुबंधासनात (पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची) माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडाखाली आडवा ठेवायला फोमचाच बरा, लाकूड तिथे टोचतं. कमरेच्या खोलगट भागाखाली मात्र ठेवू नका. त्रिकोणासनात (पाय फाकवून बाजूला वाकायचं) हात टेकायला तोच ब्लॉक उभा केला, की ८०-९० किलोच्या माणसाच्या भारानं दबतो आणि कलतो. त्यासाठी सुताराकडून ९ बाय ६ बाय ४ इंचाचा लाकडी ठोकळा करून घ्यावा, कडा गोल घासून.

मॅट निराश करते. अधोमुख श्वानासनात (हातपाय टेकून कुल्ले वर उचलायचे) तळहाताची मनगटाकडची बाजू ६ मिमी मऊ फोममध्ये रुतते, मनगट जास्त मुडपतं. बेंच प्रेस करून दमलेल्या मनगटाला ते सोसत नाही. एका पायावर उभं राहायच्या वृक्षासनात पाऊल डगमगतं. त्यात आपल्याकडचा उन्हाळा, हात घामानं ओले झाले की पकड सुटते. ४ मिमीची रबरी मॅट जड असते, सुरुवातीला वासही येतो, पण हात जागचा हलत नाही.

किट कुठलंही असो, वेळ चुकली तर उपयोग नाही. वजनं उचलण्याआधी मिनिटभराहून जास्त धरलेला ताण ताकद तात्पुरती कमी करतो. आधी मार्जारासनाची (हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करायची) ८-१० आवर्तनं पुरेत, धरून ठेवायची आसनं नंतर. छाती-खांद्याच्या व्यायामाच्या दिवशी चतुरंग दंडासन (दंड काढताना खाली येऊन तिथेच थांबायचं) टाळलेलं बरं: दमलेला खांदा कोपराच्या खाली उतरतो आणि पुढून दुखायला लागतो. भरीत-भाकरीचं भरपेट जेवण झालं असेल तर तीन तास थांबा.

रबरी मॅट घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, उन्हात वाळत टाकू नका. एप्रिल-मेच्या उन्हानं रबर कडक होऊन चिरतं. ओल्या फडक्यानं पुसून सावलीत, वाऱ्याला टांगा.